फॉर्मवर ‘चांगले आहे’ अन् बाहेर तक्रारी: पालकांचं म्हणणं शाळेनं मार्गी कसं लावायचं

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल कशाबद्दल चाललंय ते. तुम्ही घाटंजी-पांढरकवडा भागातल्या एका अनुदानित हायस्कूलचे, पाचवी ते दहावी, नुकतेच प्रभारी मुख्याध्यापक झाले. पालकसभेत अभिप्रायाचे फॉर्म वाटता, सगळे ‘चांगले आहे’ लिहून देतात, तक्रारपेटी उघडली की चॉकलेटचे कागद निघतात, अन् मग एक दिवस अचानक कोणीतरी थेट संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन बसतं नाहीतर झेडपीत माध्यमिक विभागात अर्ज देऊन येतं. तुम्ही विचारलं की पालक आपल्याला का सांगत नाहीत, अन् सांगितलंच तर त्याचं करायचं काय.

मी वर्धा अन् यवतमाळ जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या हायस्कुलात आधी गणित शिकवलं, मग बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. माझं मत सरळ सांगते. पालकानं काही सांगितलं अन् त्याचं पुढं काय झालं हे त्याला कोणी येऊन सांगितलंच नाही, की तो दोनच गोष्टी करतो, एक तर सांगणं सोडतो नाहीतर वर जातो. तुमच्याकडे दोन्ही चालू आहे. त्यामुळे फॉर्म बदलून, प्रश्न वाढवून, गुगल फॉर्म करून काही होणार नाही. सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर त्या माणसापर्यंत परत गेलं पाहिजे, ‘नाही होत’ असं उत्तर असलं तरी गेलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आता फॉर्मचंच बघा ना. तो घरी जातो, पोरगं स्वतःच भरतं, बाप सही करतो नाहीतर तीही पोरगंच करतं. सभेत भरायला दिला तर शेजारी वर्गशिक्षक उभे, वर नाव-वर्ग लिहायची जागा. दहावीला प्रत्येक विषयात 80 मार्क लेखी अन् 20 मार्क शाळेच्या हातात, हे गावातल्या प्रत्येक बापाला माहीत असतं, एक वेळ त्रिकोणमिती माहीत नसेल. मला एका आईनं तोंडावरच सांगितलं होतं, ‘‘कोनाचं नाव घेऊ बाप्पा, उद्या पोट्ट्याचे मार्क कापले त?’’ आता तुमचे शिक्षक मार्क कापणारे नसतील, पण भीती आहे म्हणजे आहे. ती फॉर्मच्या खाली ‘आपली माहिती गोपनीय राहील’ असं छापून जात नसते.

मग पालक बोलतात कुठं? बोलतात हो, भरपूर बोलतात, फक्त आपल्यासमोर नाही बोलत. दाखला न्यायला आले की बाबूच्या टेबलाशी बोलतात. शिपाई गावातलाच असतो, त्याच्याशी पानठेल्यावर बोलतात. खिचडी शिजवणाऱ्या ताया त्याच वस्तीतल्या, त्यांना विहिरीवर, बचतगटात सगळं कळतं. एसटीच्या फाट्यावर, रेशनच्या लाइनीत शाळेचा विषय रोज निघतो. माझ्या शाळेत सगळ्यात जास्त माहिती शिपाईभाऊंना असायची, अन् त्यांना ती कधी कोणी विचारलीच नव्हती. म्हणून पहिलं काम हे करा की एक चारशे पानी रजिस्टर घ्या, ऑफिसात ठेवा, अन् बाबू, शिपाई, स्वयंपाकी ताया, सगळ्या शिक्षकांना सांगा की पालकाकडून जे कानावर येईल ते तिथं दोन ओळीत टाकायचं. ताया लिहीत नसतील तर त्यांनी बाबूला सांगायचं. नाव टाकायची जबरदस्ती नाही, ‘सातवीतल्या एका मुलीची आई, अमुक गाव’ इतकंही चालते. त्याच्यापुढं रकाने फक्त तीन, कोण बघणार, काय केलं, अन् पालकाला परत कोणी कधी सांगितलं. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद बंद करायची नाही. नियम एवढाच, पण तो पाळताना शिक्षकांची कटकट होते हे लक्षात असू द्या, कारण काम झालं की आपण समजतो झालं, सांगायला कशाला जायचं.

शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर स्टाफ अर्धा तास थांबतोच, तेव्हा ते रजिस्टर मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीला शिक्षकांना राग येतो, आपल्याविरुद्ध वही उघडली असं वाटतं. त्यावर माझा उपाय असा होता की कौतुकाच्या नोंदीही त्यातच, अन् एखाद्या शिक्षकाच्या नावानं तक्रार असेल तर ती त्या वाचनात यायचीच नाही, ती मी बंद खोलीत त्याच्याशी बोलायची. चारचौघात एखाद्या सरांचं नाव घेतलं की तुमचं रजिस्टर त्या दिवसापासून मेलं म्हणून समजा.

पुढचा मुद्दा आपल्या भागात फार मोठा आहे. पालक म्हणजे नेमकं कोण? दाखल-खारीज रजिस्टरला बापाचं नाव, व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये बापाचा नंबर, अन् बाप तो फोन घेऊन दिवसभर वावरात. तुमच्याकडे पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरची लेकरं असतील तर दिवाळीनंतर मायबाप ऊसतोडीला जातात अन् लेकरू आजीजवळ राहते. काही घरात बापच नाही, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात आहात, का नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तिथं मामा नाहीतर मोठी बहीण बघते. काही मुलं वसतिगृहात, तिथं गृहपाल. ही सगळी माणसं आपल्या सभेच्या नोटिशीत येतच नाहीत. वर्गशिक्षकाच्या वहीत प्रत्येक मुलासमोर एक ओळ लिहून घ्या, संध्याकाळी घरी कोण असतं अन् कोणाशी बोललं तर फरक पडतो. ही माहिती मुलालाच विचारायची, लेकरं एकदम बरोबर सांगतात. आजीला निरोप द्यायचा असेल तर नातवाच्या हातून चिठ्ठी देऊन काय उपयोग, तिथं कोणीतरी जाऊन बसावं लागते नाहीतर शेजारच्या फोनवर बोलावं लागते.

भाषेचंही तसंच. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत, तिथल्या बायका घरात कोलामी बोलतात, सभेत आल्या तरी मागं बसून राहतात अन् विचारलं की ‘‘काही नाही जी, सगळं बराबर हाय’’. आपण समजतो समाधानी आहेत. आम्ही त्याच पोडावरच्या एका माजी विद्यार्थिनीला सोबत न्यायला लागलो, ती तेव्हा बारावी करून घरीच होती, अन् पहिल्याच दिवशी तिच्याशी बायका दोन तास बोलल्या. संडासाला कुलूप असते हे तिथं कळलं. शाळेत मुलींचा संडास होता, पाणी होतं, तपासणीत त्याला पूर्ण मार्क होते, पण किल्ली ऑफिसात होती अन् ऑफिसात पुरुष बाबू, मग मुली किल्ली मागायला येत नव्हत्या अन् म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. खर्च शून्य. पण ही गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये आली नसती, कारण फॉर्ममध्ये प्रश्न होता ‘स्वच्छतागृहाची सुविधा आहे का?’ अन् उत्तर ‘होय’ खरंच होतं.

सभेच्या वेळेबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला समजतेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी, मग जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, त्यात बाईची मजुरी किलोवर असते, अकरा वाजताची सभा म्हणजे तिचा दिवस गेला. बाजाराचा दिवस टाळा. संध्याकाळी गावागावात जा, समाजमंदिरात नाहीतर पारावर बसा, शाळेत येणाऱ्या सगळ्या गावांना एकाच सभेत बोलावण्यापेक्षा एका गावात एक संध्याकाळ जास्त कामाची. 15 ऑगस्ट अन् 26 जानेवारीला झेंड्याला बरेच पालक तसेही येतात, ग्रामसभाही असते, भाषणं थोडी कमी करा अन् चहा घेता घेता बोला. अन् ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकण्यापेक्षा आपल्या बोलीत एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून टाका, वाचता न येणारी आजीसुद्धा ऐकते.

आता आलेलं म्हणणं मार्गी कसं लावायचं ते एका उदाहरणानं सांगते, कारण यात बऱ्याच गोष्टी एकदम येतात.

एका गावच्या दोन-तीन आयांनी स्वयंपाकी ताईजवळ म्हटलं, ‘‘पोट्टीले घरी यायले अंधार होते, आता बंद करा लागते शाळा.’’ रजिस्टरला नोंद आली. वर्गशिक्षिका म्हणाल्या मुली मैत्रिणींसोबत रेंगाळत असतील. हे आपलं नेहमीचं पहिलं उत्तर असतं, बरं का, दोष लेकराचा. मी म्हटलं आधी एक दिवस त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत चालून बघा. चालून बघितल्यावर हिशोब निघाला तो असा. शाळा सुटायची 5:10 ला, शेवटच्या तासाचे सर ‘हे एवढं उदाहरण होऊ द्या’ म्हणून आणखी पाच मिनिटं घ्यायचे, फाटा दहा-बारा मिनिटांचा, अन् गाडी फाट्यावर यायची 5:20 च्या सुमारास. म्हणजे गाडी आपल्या वेळेवर होती, मुली धावत जात होत्या अन् तरी हुकायची. पुढची गाडी पावणेसातला. डिसेंबरात पावणेसात म्हणजे गडद अंधार, वर गाडीतून उतरून परत वस्तीपर्यंत चालायचं. आई शाळा बंद करा म्हणते ते काही अडाणीपणानं नाही म्हणत.

मग उपाय काय, तर शाळेची घंटा आपल्याच हातात आहे. सकाळी पंधरा मिनिटं आधी सुरू केली, मोठ्या सुट्टीतली पाच मिनिटं कापली, शाळा सुटायला लागली 4:50 ला, अन् शेवटच्या तासाला घंटेनंतर एक मिनिटही घ्यायचं नाही असं स्टाफ मीटिंगमध्ये लिहून सह्या घेतल्या. पण लगेच दुसरीकडून ओरड आली, कारण दुसऱ्या एका गावची सकाळची गाडीच उशिरा पोचायची, ती लेकरं परिपाठ चुकवायला लागली अन् पीटीच्या सरांनी त्यांना उभं केलं. त्यांच्यासाठी मग असं ठरलं की त्या गाडीच्या मुलांची हजेरी पहिल्या तासाला, परिपाठाला उशीर धरायचा नाही. एका गावाचं ऐकलं की दुसऱ्या गावाला टोचते हे होणारच, ते आधीच विचारून घेतलं असतं तर बरं असा कोणी सल्ला देईल, पण खरं सांगते, काही गोष्टी केल्याशिवाय कळत नाहीत कुठं टोचणार ते.

यासोबत आगार व्यवस्थापकांना पत्रही दिलं. पत्र कसं द्यायचं हे लिहून ठेवा, उपयोगी पडेल. ‘विद्यार्थ्यांची गैरसोय होते’ असं एका ओळीचं पत्र फाईलला लागते अन् राहते. त्याऐवजी थांब्यावार पासधारकांची यादी जोडा, कोणत्या थांब्यावरून किती मुली, किती मुलं, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास आहे, त्यामुळे मुलींचा आकडा पासावरूनच निघतो. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठीच्या निळ्या बसचं वेळापत्रकही त्याच पत्रात मागा, ती बस शाळेच्या वेळेला धरून चालवायची असते. अन् ज्या मुली पाच किलोमीटरच्या आतल्या आहेत, आठवी अन् त्याच्या पुढच्या, त्यांच्यासाठी याच कार्यक्रमात सायकल आहे, यादी आपल्यालाच द्यायची असते, ती वेळेत गेली की नाही हे बघा.

अन् मग शेवटचा रकाना. वर्गशिक्षिका त्या गावात गेल्या अन् ज्या आयांनी म्हटलं होतं त्यांच्या घरी बसून सांगितलं, घंटा बदलली, पोरगी अमुक वाजता फाट्यावर असेल, नसली तर मला या नंबरवर फोन करा. नोटीस लावून हे नसतं झालं. त्यानंतर त्या गावातून तक्रारी वाढल्या! हे ऐकून घाबरू नका. लोकांना कळलं की सांगितल्यावर काहीतरी होते, म्हणून ते सांगायला लागले. संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणेल तुमच्या काळात तक्रारी वाढल्या, तेव्हा रजिस्टर पुढं ठेवा, किती नोंदी उघड्या, किती बंद, हे दाखवा.

सगळंच असं सुटत नाही हेही सांगते. तुम्ही लिहिलं की गणिताची जागा रिकामी आहे अन् पालक रोज तेच विचारतात. त्याचं उत्तर गोलमाल देऊ नका, ‘प्रस्ताव वर गेला आहे’ हे तर अजिबात नको, ते वाक्य ऐकून ऐकून लोक विटले. संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला मिळणाऱ्या पदांच्या मंजुरीत, ते पद आहे का, असेल तर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात द्यायला संस्थेला परवानगी कुठं अडली आहे, शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं, हे पालकसभेत कागद हातात धरून सांगा. तोवर कोणाचे तास कोण घेते, दहावीला पहिलं प्राधान्य का दिलं, नववीचं काय ठरलं, हेही सांगा. पालक समजूतदार असतात. चिडतात ते शिक्षक नाही म्हणून कमी अन् आपण काहीतरी लपवतो असं वाटलं म्हणून जास्त. दुसरं असंच एक म्हणजे खिचडी. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, अन् त्याच शाळेत नववी-दहावीची लेकरं बाजूला उभी राहतात, आई विचारणारच, मोठ्या पोट्ट्याले भूक लागत नाही का. तिला सांगायचं की योजना आठवीपर्यंतची आहे, हे आमच्या हातात नाही, डबा द्या. अन् सकाळी डबा होत नाही अशी घरं कोणती हे वर्गशिक्षकाला माहीत पाहिजे.

पालक म्हणतील ते सगळं करायचं असंही नाही बरं. मारण्याचंच घ्या. अर्ध्या पालकांची तक्रार असते की सर मारतात, अन् अर्धे येऊन म्हणतात, ‘‘मारा बिनधास्त, आमी काही म्हननार नाई.’’ दोघांना एकच उत्तर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 नं शारीरिक शिक्षा अन् मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, पालकानं परवानगी दिली म्हणून ती बंदी उठत नाही. मारा म्हणणाऱ्या बापाशी मात्र बसून बोला, कारण बहुतेक वेळा पोरगं घरात ऐकत नाही, मोबाईल सोडत नाही, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी खायला लागलं, अन् त्याला काही सुचत नाही म्हणून तो असं म्हणतो. तक्रार ती आहे. तसंच कोणी म्हटलं आमची पोरगी अमक्याच्या शेजारी बसणार नाही, अमक्या बाईच्या हातचं खाणार नाही, तर ते जातीचं आहे हे ओळखा अन् तिथंच ठाम नाही म्हणा. त्याला उत्तर द्यायला स्टाफ मीटिंग लागत नाही. कबड्डीच्या टीममधून पोरीचं नाव काढा म्हणणारे बापही येतील, तिथं मात्र मी लगेच नाही म्हणत नव्हते, विचारायची की सोबत बाई शिक्षिका असली तर चालेल का, रात्री मुक्काम नसला तर चालेल का, अन् बऱ्याचदा अडचण तेवढीच निघायची.

एक विषय असा आहे की तो तुमच्या भागात येणारच, म्हणून मुद्दाम लिहिते. एक आई प्रवेशाच्या वेळी बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, पोट्टीले धावाले नका लावत जा.’’ कारण विचारलं तर गप्प. सिकलसेल होतं, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात, आदिवासी समाजात अन् इतरही काही समाजात हा आजार बराच आहे, अन् लोक लपवतात कारण पुढं लग्नाचा प्रश्न येतो. आता तिचं म्हणणं मार्गी लावायचं म्हणजे काय करायचं? ग्रुपवर टाकायचं नाही, वर्गात सांगायचं नाही, हजेरीवर खूण करायची नाही. वर्गशिक्षिका अन् पीटीचे सर, एवढ्या दोघांनाच सांगायचं की हिला उन्हात उभं करायचं नाही, दमवणारी पळापळ नाही, तासाला पाणी प्यायला उठू द्यायचं, थंडीत स्वेटर घालू द्यायचं युनिफॉर्म असो नसो, अन् अंग दुखते म्हटलं तर नाटक समजायचं नाही, घरी फोन लावायचा अन् आरोग्य केंद्रात न्यायचं. पाणी कमी पडणं, थंडी, जास्त श्रम, ताप यानं या आजारात वेदनेचा झटका येतो. हे आजारी मुलाचं झालं. फक्त वाहक असलेली, म्हणजे आजाराचा गुण अंगात असून स्वतः आजारी नसलेली मुलं सहसा ठणठणीत असतात, त्यांना उगीच बसवून ठेवू नका. अन् दुखण्यामुळे गैरहजेरी होते, तिला ‘अनियमित’ म्हणून पालकाला नोटीस पाठवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळत असेल तर बोर्डाच्या परीक्षेच्या सवलतीचा प्रस्ताव करता येतो, पण त्याला जिल्हा रुग्णालयाच्या चकरा असतात, म्हणून आठवी-नववीतच पालकाला सांगून ठेवा. दहावीच्या जानेवारीत धावपळ केली तर काही हाती लागत नाही.

आता एक प्रकार असा आहे जो या रजिस्टरमध्ये घ्यायचाच नाही. मुलीला किंवा मुलाला कोणी वाईट हात लावला, घाणेरडे मेसेज केले, मग तो शिक्षक असो, ऑटोवाला असो, नातेवाईक असो. पालकानं, आजीनं, शिपाईभाऊंनी, कोणीही सांगितलं की चौकशी समिती, शहानिशा, दोन्ही बाजू, असं काही सुरू करायचं नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणं ज्याला कळलं किंवा तशी शंका आली त्यानं पोलिसांना कळवायचंच, अन् हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट संस्थेच्या प्रमुखानं दाबली तर कलम 21 मध्ये त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. 1098 हा मुलांसाठीचा नंबर भिंतीवर मोठा लिहा. गावात काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे, रात्री चार माणसं बसतात, पोरीची बदनामी होईल म्हणतात, मिटवून टाकतात, अन् मुख्याध्यापकालाही त्यात बसवतात. बसू नका. शाळेत मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समिती असते, 2022 च्या शासन निर्णयानं ती करायची आहे, तिच्या बैठका कागदावर असतील तर खऱ्या घ्या, त्यात बोलकी अन् वजन असलेली एखादी आई असू द्या. पण समितीकडे गेलं म्हणून पोलिसांना कळवायची आपली जबाबदारी संपत नाही.

समित्यांवरून आठवलं. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं तीन-चतुर्थांश पालक अन् निम्म्या बायका लागतात, पण त्या कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून अनुदानित शाळेत ती समिती सल्ला देणारी आहे, हुकूम देणारी नाही. म्हणून संस्थावाले तिला किंमत देत नाहीत अन् मुख्याध्यापक इतिवृत्त घरी पाठवून सह्या आणतात. तुम्ही तसं करू नका. सल्ला का होईना, तो लिहिलेला असला की संस्थेकडे खर्च मागताना ‘पालकांचं म्हणणं आहे’ असं म्हणायला कागद राहतो. ती समिती आठवीपर्यंतच्या पालकांची, त्यात नववी-दहावीचे पालक सुटतात, त्यांना पालक-शिक्षक संघात आठवणीनं घ्या. सरपंचाचा भाऊ, संस्थेच्या सेक्रेटरीचा साळा, अशी भरती होते, ती पूर्ण टाळता येत नाही, पण पोडावरची अन् तांड्यावरची एक-एक आई त्यात बसवा अन् तिच्या गावची सभा असेल तेव्हा तिलाच आधी बोलू द्या.

अध्यक्षांकडे गेलेल्या तक्रारीचं विचारलं तुम्ही. अध्यक्षांवर रुसून फायदा नाही, ते गावचे आहेत, लोक जाणारच. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की दादा, तुमच्याकडे जे येईल ते मला त्याच दिवशी फोनवर सांगा, मी रजिस्टरला घेते अन् आठ दिवसांत काय झालं ते त्या माणसाला अन् तुम्हाला दोघांनाही कळवते. त्यांना बरं वाटलं, कारण त्यांच्या मागची कटकट कमी झाली. अन् तक्रार करणाऱ्याच्या मुलाकडे त्या काळात जरा लक्ष ठेवा, कोणी शिक्षक त्याला ‘काय रे, बापानं पाठवलं होतं ना वर’ असं टोमणे मारतात का ते बघा. असं एकदा झालं तर गावात चार वर्षं कोणी तोंड उघडत नाही.

तुमची सभा दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात ठरली आहे म्हणता. वेचणी ऐन भरात असते, शाळेतली मोठी सभा पुढं ढकला अन् त्याऐवजी रजिस्टर उद्यापासून सुरू करून दोन गावांत संध्याकाळी बसून या, आधी पोडावर. मोठी सभा जेव्हा घ्याल तेव्हा पहिली पंधरा मिनिटं गेल्या वेळी कोणी काय म्हटलं होतं अन् त्याचं काय झालं यालाच द्या, स्वागत-सत्कार त्यानंतर. छापलेले फॉर्म उरले असतील तर फेकू नका, ते भरून घ्या अन् शाळेच्या मूल्यांकनाच्या फाईलला लावा, तपासणीला लागतात.